'शिरिमासेन' की 'वाकारिमासेन'?

चहाबिस्किट: तोक्योच्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता. पुढचं रिलीज कधी, असं त्यांनी विचारलं. आमच्यातला एक जण पटकन 'शिरिमासेन' म्हणाला. पलीकडे एकदम शांतता. आमच्या सेन्सेई, म्हणजे जपानीच्या बाई, म्हणतात, तिथे 'वाकारिमासेन' हवं होतं. डिक्शनरीत दोन्हींपुढे 'आय डोन्ट नो' एवढंच. फरक कसा ओळखायचा?

उंबरठा: इंग्रजीतून जाऊच नका. शिरु म्हणजे माहीत होणं, वाकारु म्हणजे कळणं. व्याकरणसुद्धा आपल्यासारखंच: 'निहोंगो गा वाकारिमासु', 'मला जपानी कळतं'. कळणारी भाषा कर्त्याच्या जागी.

चहाबिस्किट: पण रिलीज कधी, याला मराठीत मी 'माहीत नाही' असंच म्हणेन की! 'कळत नाही' कोण म्हणेल?

पाटीपेन्सिल: म्हणूनच ते समीकरण अर्ध्यावर लंगडतं. जी गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी, तिच्याबद्दल 'शिरिमासेन' म्हटलं की 'मला काय त्याचं' असा सूर लागतो. 'मादा वाकारिमासेन' म्हणजे अजून नक्की नाही. एखाद्या अनोळखी माणसाबद्दल विचारलं तर 'शिरिमासेन' चालतं, वरिष्ठांपुढे 'झोंजिमासेन'. आणि गंमत बघा, होकार 'शित्ते इमासु', पण नकार सहसा 'शित्ते इमासेन' होत नाही.

उंबरठा: वाकारुची कांजी, म्हणजे ते लिहायचं चिनी चिन्ह, तिचा अर्थ 'भाग करणे'. आपला 'विवेक'ही 'विच्', म्हणजे वेगळं करणे, यातूनच आलेला. बौद्ध ग्रंथांबरोबर ही कल्पना तिकडे गेली असणार, मला तर खात्री आहे.

पाटीपेन्सिल: कशावरून? वाकारु अस्सल जपानी क्रियापद आहे, चिनी लिपी त्याला नंतर चिकटली. वेगळं केलं की कळतं, हे सुचायला ग्रंथ कशाला लागतो?

जुनीवही: मला हे माहिती नव्हतं, छान चर्चा.

शुद्धमती: 'माहीत नव्हतं'. माहिती हे नाम आहे. खरं तर 'ठाऊक' असताना 'माहीत' तरी कशाला?

जुनीवही: आमच्या घरी सगळे 'माहितीये' म्हणतात. तीन पिढ्या चुकीच्या का?

शुद्धमती: पिढ्या मोजून व्याकरण ठरत नाही.

उंबरठा: मग कशावरून ठरतं? पाणिनीने तरी लोक कसं बोलतात तेच टिपलं ना?

चहाबिस्किट: उद्या पुन्हा कॉल आहे हो. क्लायंटला 'वाकारिकानेमासु', म्हणजे नम्रपणे 'सांगता येणार नाही', म्हटलं तर फार औपचारिक होईल का?

शुद्धमती: 'औपचारिक'च का, 'रीतसर' म्हणा की.