डिनेचरेशनला ‘विघटन’ म्हणावं का?

बी.एस्सी.च्या पोरांसाठी प्रोटीनवर मराठीतनं टिपण लिहायला घेतलंय, एसडीएस-पेजपाशी (जेलमधनं वीज सोडून प्रोटीनं वेगळी करायची पद्धत) अडलोय. डिनेचरेशनला ‘विघटन’ लिहू का? आणि ‘जेलवर प्रथिनांची रचना दिसते’ हे वाक्य चालतंय का? ‘जेल रन करणं’ मात्र तसंच ठेवणार, कोल्हापुरात लॅबमध्ये सगळे तेच म्हणतात.

भावा, विघटन नको. विघटन म्हटलं की तुकडे पडले असा अर्थ होतो. पोटात पेप्सिन करतं ते विघटन, तिथं अमिनो आम्लांची साखळीच कापली जाते. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं तेव्हा साखळी शाबूत असते, फक्त तिची घडी मोडते. म्हणून मी ‘घडी मोडणे’ लिहीन. जेलसाठी सँपल ९५ अंशाला पाचेक मिनिटं तापवतो तेव्हा हेच तर करतो, मर्कॅप्टोइथेनॉल डायसल्फाइड बंध (गंधकांमधले) सोडवतं पण अमिनो आम्लं जोडणाऱ्या पेप्टाइड बंधाला हात लावत नाही, आणि एसडीएस, म्हणजे साबणासारखा पदार्थ, साखळीभर चिकटतं, एक ग्रॅम प्रोटीनला साधारण १.४ ग्रॅम, त्यामुळं सगळ्यांवर ऋण भार चढतो आणि धन टोकाकडं जाताना बारकी साखळी जेलच्या जाळीतनं पुढं निघते, मोठी मागं राहते.

‘रचना दिसते’ तर अजिबात लिहू नको. हिमोग्लोबिन घे, चार साखळ्या मिळून ६४ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपास, पण कूमासी या रंगानं जेल रंगवल्यावर निळा बँड, म्हणजे पट्टा, दिसतो १६ च्या जवळ, म्हणजे सुट्या साखळीचा. चौघी एकमेकींत कशा बसल्या होत्या हे त्या जेलवरनं कळणारच नाही, ते आपणच आधी मोडलंय. ‘साखळीचं वजन अंदाजानं कळतं’ एवढंच लिही. घडी राखून रन करायचं तर नेटिव्ह जेल, पण तिथं आकार आणि भार दोन्ही आड येतात, वजन सरळ काढता येत नाही.

घडी आवडली. डिनेचरेशनला ‘विकृतीकरण’ म्हणणं मला खटकतं, रोगाचा वास येतो त्याला. पोरांना दाखवायला गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं ताजं दूध आणा, मलई काढून पातळ करा आणि लोड करा. केसिन या दुधातल्या मुख्य प्रोटीनचे जाड बँड येतात आणि त्यांच्या खाली १८ किलोडाल्टनच्या जवळ बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुसरं प्रोटीन, जे दुधात बहुतेक जोडीनं असतं पण जेलवर सुटं दिसतं.

मग रीनेचरेशनला (डिनेचरेशनच्या उलट) ‘घडी परत बसणे’ चालेल ना?

चालेल की. अ‍ॅनफिन्सन या शास्त्रज्ञानं रायबोन्यूक्लिएज या एन्झाइमची घडी युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉलनं मोडली, ती दोन्ही काढून टाकल्यावर हवेत एन्झाइम आपोआप परत कामाला लागलं. १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला त्याचा वाटा त्याच कामाला आहे. विघटन झालेली साखळी अशी आपोआप जुळून येत नसते.