मदत हवी आहे: राजस्थानात उष्णता आहे, डोंगरही आहे, मग पाऊस कुठे अडतो?

थरच्या वाळवंटात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो, हवेचा दाब उतरतो, बाजूला अरवलीची रांगही आहे. तरी जैसलमेरला वर्षाला २०० मिमीसुद्धा नाही आणि माउंट अबूला मात्र १५०० मिमीच्या आसपास! ॲरिझोनात तर डोंगरांमुळेच वाळवंटात मान्सून बरसतो म्हणतात. हे कसं?

प्रतिसाद १
उष्णतेने तयार होणारा कमी दाब उथळ असतो, साधारण दीड किलोमीटर उंचीपर्यंत. वारा आत ओढला जातो, पण वर पश्चिमेकडची कोरडी, खाली बसणारी हवा झाकणासारखी असते. ढग वाढायला जागाच नाही.

अरवलीची अडचण दिशेची. रांग नैऋत्य-ईशान्य आहे आणि अरबी समुद्रावरचे वारेही नैऋत्येकडूनच येतात, त्यामुळे ते रांगेला समांतर निघून जातात. अबू नैऋत्य टोकाला उंच उभा (गुरुशिखर १७२२ मी.), वारा थेट त्याला धडकून वर चढतो. बंगालच्या उपसागरावरची शाखा इथवर पोचेपर्यंत बरंचसं बाष्प वाटेत सांडलेलं असतं.

प्रतिसाद २
ॲरिझोनात खालच्या थरातलं बाष्प मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या आखातातून येतं. दुपारी मोगॉलन रिमचे (मध्य ॲरिझोनातल्या उंच कड्याचे) तापलेले उतार हवा वर खेचतात, ढग आधी तिथे उभे राहतात. संध्याकाळी वादळातून सुटलेला गार वारा खोऱ्यात उतरतो. तिथे ओल असेल तर नवं वादळ, नसेल तर नुसती धुळीची भिंत.

पण ‘डोंगर तापतो म्हणून पाऊस’ एवढंच नाही. बूस आणि पास्काले या हवामान-संशोधकांनी २०२१ मध्ये मॉडेलद्वारे दाखवलं की मेक्सिकोतली सिएरा माद्रे वरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्याला विषुववृत्ताकडे वळवते आणि दमट हवा उतारावर चढते. मेक्सिकोतल्या त्या मान्सूनच्या गाभ्यात डोंगराने वाऱ्याला असं ढकलणं महत्त्वाचं.

मूळ प्रश्नकर्ता
मग एखाद्या दिवशी पाऊस जमिनीपर्यंत पोचेल का, हे ढोबळ कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
दुपारच्या तापमानातून दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) वजा करा, १२५ ने गुणा. ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये मिळते. ४२ आणि १२ अंश असतील तर ३७५० मी.: थेंब वाटेतच वाळतात, वर पावसाच्या झालरी दिसतात, खाली फक्त वावटळ. ३८ आणि २४ असतील तर १७५० मी., तेव्हा आशा धरा. मात्र हे दुपारी हवा नीट घुसळलेली असतानाच लागू. सकाळच्या आकड्यांवर चुकतं. शिवाय जोधपूरच्या हवामान-फुग्याच्या नोंदीत ७०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीला, म्हणजे सुमारे ३ किमीवर, तापमान आणि दवबिंदूत १५-२० अंशांचं अंतर दिसलं, तर खालचा दमटपणा बहुधा वाया जातो.