मदत हवी आहे: क्रूझवरून गुहेच्या सहलीला आईला नेऊ का?

शलाका_ठाणे: कॅरिबियन क्रूझवर आहोत. परवा गुहेची सहल आहे, साडेतीन तासांची. आईचे गुडघे दुखतात. बुकिंग आज रात्री बंद होतंय. घेऊ का? लवकर सांगा.

दगडधोंडे: बेट कोणतं, गुहा कोणती? सगळं त्यावर आहे. कुरासावची हाटो असेल तर नुसत्या दारापर्यंत 49 पायऱ्या चढायच्या, वर आत दमट उकाडा. बार्बाडोसची हॅरिसन्स केव्ह असेल तर विजेच्या ट्रामने आत नेतात.

शलाका_ठाणे: बार्बाडोस. लिहायचं राहिलं.

दगडधोंडे: मग खुशाल न्या. पण तिकिटावर ट्राम लिहिलंय ना, ते बघा. त्याच गुहेत हेल्मेट घालून रांगत जायची सहलही असते, ती घेऊ नका. ट्राम मधे थांबते तेव्हा खाली उतरायची सक्ती नसते. तिथली जमीन ओली असते, आईंनी बसून राहिलेलं बरं. छतातून पाणी टपकतं, पातळ विंडचीटर जवळ ठेवा.

बंदरावरचा: जहाजाची सहल कशाला? ब्रिजटाउनच्या धक्क्यावरून टॅक्सी करा, साधारण अर्ध्या तासाचा रस्ता. मीटर नसतो, म्हणून भाडं बसण्याआधी ठरवा आणि डॉलर कुठले तेही विचारा. 2 बार्बाडोस डॉलर म्हणजे 1 अमेरिकी.

निशिगंध: सोबत वयस्क माणूस असताना हा सल्ला देऊ नये. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. शिवाय घड्याळ! जहाजाने मायामीची वेळ ठेवली असेल तर हिवाळ्यात बार्बाडोस एक तास पुढे असतं. ट्रामची वेळ, समजा 11ची, स्थानिक असते. जहाजाच्या घड्याळाने निघालात तर ट्राम गेलेली असेल.

बंदरावरचा: म्हणूनच जहाज सुटायच्या दोन तास आधी धक्क्यावर परत या. घाई होत नाही. बसच्या गर्दीत आईंना ताटकळावं लागतं, ते कुणी मोजत नाही.

दगडधोंडे: शलाकाताई, आई किती चालतात?

शलाका_ठाणे: सपाटीवर अर्धा तास. जिना उतरताना त्रास होतो.

दगडधोंडे: मग अडचण नाही. वरच्या इमारतीतून खाली जायला लिफ्ट आहे. ट्राममध्ये कडेची सीट मागा, चढ-उतार सोपी होते.

फोटोवेडा: कॅमेरा एसी केबिनमधून थेट गुहेत नेऊ नका. आतली हवा उबदार आणि ओली, थंड काचेवर लगेच वाफ धरते. पिशवीत बंद करून अर्धा तास आधी बाहेरच्या हवेत ठेवा, मगच उघडा.

सातपुडा: त्यापेक्षा आंध्रातली बोरा गुहा बघा, स्वस्त पडेल. अजिंठ्यासारखी कोरलेली नाही, खरे लवणस्तंभ आहेत, म्हणजे टपकत्या पाण्यातला चुना साचून झालेले खांब.

निशिगंध: त्या आत्ता जहाजावर आहेत हो.

दगडधोंडे: लवणस्तंभांना हात लावू देऊ नका, ट्राममधूनही नाही. बोटांचं तेल लागलं की तिथे चुना नीट धरत नाही, वाढ खुंटते. हॅरिसन्समध्ये पाणी अजून वाहतंय, स्तंभ अजून वाढताहेत.

किनारा_गोवा: कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. बार्बाडोसमध्ये लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाजचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. लहान मुलांनाही.

शलाका_ठाणे: अरे देवा, मुलाची चड्डी तसलीच आहे.

किनारा_गोवा: जहाजावरच राहू द्या. टोपी, पाठपिशवीही बघून घ्या.

शलाका_ठाणे: ट्रामची सहल जहाजाकडूनच घेतली.