बाबांसाठी घरी बीपी मोजायचं मशीन कोणतं घ्यावं?

पाऊलवाट: बाबा ७८ वर्षांचे, एकटे राहतात. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी घरची रीडिंग लिहून ठेवायला सांगितलीत. खांदा आखडलाय, बोटांत संधिवात. त्यांचं त्यांना लावता येईल असं साधं मशीन सुचवा. फार खर्च नको.

जुना_गडी: दंडावरचंच घ्या, मनगटाचं मुळीच नको. मी ब्लूटूथवालं घेतलंय, रीडिंग थेट मुलीच्या मोबाइलवर जातं. महाग आहे, पण तब्येतीत काटकसर करू नये.

शेवंती: +१, दंडावरचंच. पण पट्ट्याचं माप बघा हो! आईच्या दंडाला सोबत आलेला पट्टा अपुरा पडायचा आणि बीपी उगाच जास्त दाखवायचं. गोळी वाढायच्या बेतात होती, मोठा पट्टा आणल्यावर टळलं.

आप्पा: पाऱ्याच्या मशीनची सर कशालाच नाही.

शेवंती: आप्पा, त्याला स्टेथोस्कोप लावून ऐकणारं दुसरं माणूस लागतं. त्यांचे बाबा एकटे आहेत. पारा सांडला तर?

आप्पा: आमच्याकडे कधी सांडला नाही.

निवृत्त_सिस्टर: कुठलंही घ्या, पण मोजायची पद्धत सांभाळा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन यायचं, ५ मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. मोजताना बोलायचं नाही. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा. सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. उठताना घेरी येते का? येत असेल तर बसून मोजल्यावर उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर लगेच कळवा. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

जुना_गडी: हेच म्हणत होतो. दंडावरचंच.

पाऊलवाट: सिस्टर, रात्री बाथरूमला उठले की घेरी येते, भिंत धरून चालतात. उभ्याने मोजायचं मी जवळ असतानाच करू. मशीन मात्र मनगटाचं घेतेय. शेजारच्यांचं दंडाचं लावून बघितलं. पट्टा कोपराच्या वर सरकवतानाच बाबांना धाप लागली, वेल्क्रो बोटांनी ओढवेना. मनगटाचं त्यांनी एकट्याने बसवलं. मोजताना मनगट उशीवर, छातीच्या उंचीला. आधी दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून घेईन.

जुना_गडी: पैसे वाया जातील, सांगून ठेवतो.

शेवंती: मनगटाच्या पट्ट्यालाही माप असतं, तेवढं बघून घ्या.