मदत हवी आहे: नळाची जमिनीखालची लाइन गळतेय, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत स्वतःच बदलायची आहे

नमस्कार मंडळी. घर अमळनेर तालुक्यात, गावाचं नाव राहू द्या. मी नोकरीमुळे नाशिकला असतो, सध्या पंधरा दिवस सुट्टीवर आलोय. गावात तीन दिवसांआड नळ येतो, तोही तासभर. अंगणात हौद आहे. त्यात पाणी साठवायचं आणि मोटरने वरच्या टाकीत चढवायचं.

रस्त्याकडच्या फेरूलपासून (मुख्य लाइनीवरच्या जोडापासून) हौदापर्यंत साधारण 60 फूट अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप जमिनीखालून आलाय, मधे ओट्याखालून गेलाय. 1996 ला घर बांधलं तेव्हाचा. दोन वर्षांपासून हौद भरेनासा झाला. आम्ही समजत होतो वरूनच पाणी कमी सोडतात. या वेळी नीट पाहिलं तर बाकी अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात आणि ओट्याच्या कडेला मात्र भर उन्हाळ्यात हिरव्यागार दूर्वा. आई रोज त्याच खुडून गणपतीला वाहते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

काल नळ आला तेव्हा मोजून पाहिलं. फाटकाजवळचं युनियन (उघडता येणारा जोड) सोडून 20 लिटरची बादली लावली, 4 मिनिटांत भरली. परत जोडून हौदाच्या तोंडाशी लावली तर 7 मिनिटं.

प्लंबर म्हणतो आखाजीनंतर बघू, लग्नसराई आहे. आखाजीला अकरा दिवस आहेत. बहीण लेकरांना घेऊन येणार, घरात बारा-पंधरा माणसं होतील. सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) सालही आखाजीलाच संपतंय, जाता जाता त्याला चर खणायला लावणं बरं दिसत नाही. म्हणजे टिकाव मीच उचलायचा. आप्पा म्हणतात, "हाई तुनं काम नही, भाऊ." तेवढ्यासाठी तरी करायचंच आहे.

गळतंय तिथे उकरून क्लॅम्प मारू की सगळी लाइन बदलू? पाइप कोणता घेऊ? किती खोल? आणि ओटा न फोडता पलीकडे कसं जायचं? शिवाय नळ आल्यावर पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ येतं. ते बहुधा पाइपात साचलेलं असावं.

गिरणाकाठ: क्लॅम्प नको. मी दोन वर्षांत चार मारले. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, दरवर्षी पाइपाला वर-खाली ओढते. जीआय मोडतो तो सॉकेटच्या आट्यांवर, कारण तिथेच तो सगळ्यात पातळ असतो. एक आटा बांधला की पुढचा जातो. 60 फुटांत किमान तीन सॉकेट धरा. निळा एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप गुंडाळीत मिळतो, फाटक ते हौद एकच तुकडा. जमिनीखाली जोडच नाही तर गळणार कुठून?

सुतळी_सफेदा: प्लंबिंगची कामं 22 वर्षं केली, आता दुकान आहे. दादा, ते तीन मिनिटं सगळे गळतीच्या खात्यात टाकू नका. तीस वर्षांच्या अर्धा इंची जीआयच्या आत गंज चढून वाट पेन्सिलीएवढी राहते. कापाल तेव्हा आत बघा. गळती नसती तरी तो बदलायलाच झाला होता.

25 मिलिमीटर बाहेरचा व्यास, म्हणजे पाऊण इंची घ्या. फेरूल अर्धा इंचीच राहील, त्यातून येईल तेवढंच पाणी येणार, पण पुढची घासण कमी होते. फेरूलला हात लावू नका, ते काम ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याचं. त्याला आधीच सांगून ठेवा. नळ येऊन गेला त्या दिवशी जुनं सोडलं तर जोडाजोडीला तीन कोरडे दिवस मिळतात.

चर दोन फूट. ट्रॅक्टर अंगणात येत असेल तर तिथे अडीच. आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा, नाहीतर या दिवसांत टिकाव उसळून अंगावर येईल. तळाला चार इंच वाळू, पाइपावर सहा इंच वाळू, मग मुरूम. काढलेली काळी माती शेवटच्या वितीत, वरच्या वर. तीच परत पाइपाभोवती भरली तर दुखणं तिथेच राहिलं.

पाइप ताणून टाकू नका, नागमोडी सोडा. दुपारच्या उन्हात तापलेला पाइप जमिनीत थंड झाला की 60 फुटांत दोन-अडीच इंच आखडतो आणि टोकाच्या फिटिंगमधून निसटायला बघतो. टोकं सकाळीच जोडा. पाइप काटकोनात कापा, कड चाकूने हलकी तासा, फिटिंगमध्ये तळापर्यंत जातो का ते खूण करून बघा. दहातले आठ जण इथे चुकतात. रबराच्या रिंगपर्यंत पाइप पोचलाय असं वाटतं, पोचलेला नसतो. जीआयच्या आट्यांना सफेदा-सूत चालेल, प्लास्टिकच्या आट्यांना टेफ्लॉन टेपच. आणि पान्याला लटकू नका, प्लास्टिकचा आटा तडकतो आणि ते महिन्याभराने कळतं.

माहेरवाशीण: भाऊ, तुम्ही शेवटी सहज लिहिलंय तीच मला मोठी गोष्ट वाटते. अर्धा इंची 60 फूट पाइपात पाणी मावतं जेमतेम तीन-सव्वातीन लिटर. तुमच्याच हिशोबाने हौदाशी मिनिटाला तीन लिटरच्या आसपास येतं. म्हणजे साचलेलं पाणी मिनिट-सव्वा मिनिटात निघून जायला हवं. दहा मिनिटं गढूळ येतं ते कुठलं? शेजारच्यांकडे पण तसंच येतं का? लाइनीच्या जवळून गटार जातं का? आणि खरं सांगा, नळाला टिल्लू (पाणी ओढायची छोटी मोटर) लावलाय का?

धागाकर्ता: शेजारी विचारून आलो. त्यांच्याकडे पहिली बादली जरा मातकट, नंतर स्वच्छ. गटार ओट्याला लागूनच आहे, दूर्वांपासून हातभर. आणि हो, टिल्लू आहे. हौद भरत नाही म्हणून मागच्या वर्षी आप्पांनी बसवला. गल्लीत बहुतेकांकडे आहे.

माहेरवाशीण: मग उत्तर तुमच्या समोरच आहे. नळाला दाब असतो तोवर भोकातून पाणी बाहेर जातं. नळ गेला की पाइप रिकामा होतो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर गेलं त्यातूनच भोवतीचा चिखल आत येतो. टिल्लू तर नळ चालू असतानाही ओढतो. हौद भरत नाही म्हणून टिल्लू बसवला, आणि टिल्लूने गटार हौदात आणलं. आमच्या माहेरी असंच झालं होतं. दोघांना कावीळ झाल्यावर लाइन उकरली.

आजपासून प्यायचं पाणी उकळून घ्या. जलजीवन मिशनखाली गावोगाव पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलंय, तुमच्या गावातही कुणीतरी असेल. ग्रामपंचायतीत चौकशी करा आणि एच-टू-एसची बाटली मागा. तीत पाणी भरून ठेवायचं, 24 ते 48 तासांत काळं पडलं तर जीवाणू आहेत. नळाचं आणि हौदाचं वेगवेगळं भरा. बहीण लेकरं घेऊन येतेय म्हणून जास्त सांगतेय.

सुतळी_सफेदा: ताईंचं बरोबर. मग ओटा कसा ओलांडायचा हा प्रश्नच मिटला, तिथून जाऊच नका. जीआय वळत नव्हता म्हणून तेव्हा सरळ ओट्याखालून नेला असेल. गुंडाळीचा पाइप दोन-सव्वादोन फुटांच्या गोलाईत आरामात वळतो. दुसऱ्या अंगाने वळसा घाला, पाइप दहा-बारा फूट जास्त लागेल. गटारापासून दहा फूट लांब ठेवा. फाटकाशी ते ओलांडावंच लागत असेल तर पाण्याचा पाइप वर, गटार खाली, मधे दीड फूट. गटार उथळ असून तेवढं जमत नसेल तर त्या जागी पाइप दोन इंची पाइपातून ओवून घ्या आणि त्या बाहेरच्या पाइपाची दोन्ही टोकं गटारापासून लांब काढा.

निवृत्त_वायरमन: थांबा, कापायच्या आधी एक बघा. 1996 चं घर म्हणताय. त्या काळात पुष्कळ घरांचं अर्थिंग नळाच्या जीआय पाइपालाच बांधलेलं असायचं. न्हाणीच्या मागे किंवा मीटरच्या खाली पाइपाला तार गुंडाळलेली दिसते का? असेल तर लोखंड काढून प्लास्टिक टाकलं की घराचं अर्थिंग गेलं. फ्रिज, गीझर, मोटर, सगळं उघड्यावर. आणि कुठे करंट उतरत असेल तर पाइप कापताना दोन तुकडे दोन हातांत येतात, मधे माणूस. मेन स्विच पाडल्याशिवाय करवत लावू नका.

धागाकर्ता: काका, तुमचे पाय कुठे आहेत? न्हाणीच्या मागे पोपड्यांखाली तार निघाली, पाइपाला तीन वेढे. उद्या इलेक्ट्रिशियन येतोय. अडीच मीटरचा पाइप, कोळसा-मीठ घालून वेगळं अर्थिंग करून घेतो, मगच पुढे.

धागाकर्ता (सहा दिवसांनी): झालं. क्रमाने सांगत नाही, जे आठवतंय ते लिहितो.

चर 71 फूट झाली. पहिल्या दिवशी 15 फुटांत हात फोडांनी भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सुरुवात केली, नऊला थांबलो. चौथ्या दिवशी आप्पा काही न बोलता पावडी घेऊन आले. जुना पाइप कापला तर आत बोट जाईना, तांबडा गंज थराथराने. दूर्वांखालचं सॉकेट हातात धरलं आणि पापडासारखं तुटलं. त्याच्याभोवती घमेलंभर पोकळी होती, तीत काळं, वास मारणारं पाणी. आई ते बघून आत निघून गेली.

पाणीवाल्याने फेरूलपाशी जुनं सोडून नवीन जोडून दिलं. नवीन लाइनीत ब्लीचिंगचं पाणी (दहा लिटरला एक सपाट चमचा पावडर, वरचं नितळ) भरून रात्रभर ठेवलं, सकाळी वास जाईपर्यंत सोडून दिलं. हौद उपसून, घासून, चुना मारून घेतला. आज नळ आला. चर अजून टोकांपाशी उघडीच ठेवलीय, दोन्ही फिटिंगवर कोरडा कागद गुंडाळला होता, तो कोरडाच राहिला. हौदाशी बादली 4 मिनिटं 10 सेकंदांत भरली, टिल्लूशिवाय. टिल्लू काढून माळ्यावर टाकलाय. विकू नको म्हणतात आप्पा, त्यावर बोलणं चालू आहे.

नळाची बाटली अजून बघायची आहे, तोवर उकळणं चालूच. हौदाची जुनी बाटली कोळशासारखी काळी झाली होती.

दोन प्रश्न राहिले. ओट्याखालचा जुना पाइप तसाच राहू देऊ का? आणि आई विचारतेय, दूर्वा सुकायला लागल्यात, आता कुठून आणायच्या?

सुतळी_सफेदा: राहू द्या, पण दोन्ही टोकांना डमी (बंद टोपण) मारा. नाहीतर गटाराला आयती वाट होते.

गिरणाकाठ: दूर्वा हौदाच्या ओव्हरफ्लोखाली लावा. आता हौद भरेल.