मदत हवी आहे: ‘सिंडरफेला’च्या मराठी उपशीर्षकांसाठी दोन शब्द

नमस्कार,

माझ्या 78 वर्षांच्या आईला इंग्रजी येत नाही. तिला नातवंडांबरोबर ‘सिंडरफेला’ पाहता यावा म्हणून मी त्याची मराठी उपशीर्षके लिहीत आहे. फ्रँक टॅशलिन यांनी दिग्दर्शित केलेल्या 1960 सालच्या या संगीतमय विनोदी चित्रपटात सिंड्रेलाच्या जागी जेरी लुईस यांचा फेला आहे आणि सावत्र आई व दोन सावत्र भाऊ त्याला घरगड्यासारखे राबवतात. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर काउंट बेसी यांचा वाद्यवृंद वाजू लागतो आणि फेला हवेतच एकेक वाद्य वाजवून दाखवतो, त्या प्रसंगात मला एक अक्षरही लिहावे लागले नाही. आईने तो दोनदा लावायला सांगितला.

माझे काम अडले आहे ते एड विन यांच्या भूमिकेपाशी. सिंड्रेलाच्या पाठीशी परी असते, तर फेलाच्या पाठीशी हा म्हातारा ‘फेअरी गॉडफादर’ आहे. ‘परी’ला मराठीत पुल्लिंगी रूप नाही, आणि ‘गॉडफादर’ म्हटले की डोळ्यांसमोर टोळीचा म्होरक्या येतो. ‘गंधर्व’ या शब्दात गाणे आहे, पण त्याबरोबर येणारे देखणे रूप या भाबड्या म्हाताऱ्याला शोभत नाही. ‘यक्ष’ मला अधिक जवळचा वाटतो, कारण यक्ष धनाचे राखणदार मानले जातात आणि या कथेतही फेलाच्या वडिलांनी दडवून ठेवलेले धन आहे. मात्र मुलांना तो शब्द समजेल का, अशी शंका आहे. ‘परीमामा’ कसा वाटतो?

दुसरी अडचण शेवटच्या संवादाची आहे. राजकन्या ‘पर्सन’ आहे आणि आपण ‘पीपल’ आहोत, म्हणून आपले जमणार नाही, असे फेला म्हणतो. त्यावर, या भरजरी कपड्यांच्या आत मीही ‘पीपल’च आहे, असे ती सांगते. ‘बडी असामी’ आणि ‘चारचौघांतला’ असे लिहिले तर अर्थ नीट पोहोचतो, पण एकट्या माणसाने स्वतःला अनेकवचनी शब्द लावण्यातला लहान मुलासारखा निरागसपणा हरवतो. ‘मी लोक आहे’ असे जसेच्या तसे लिहिले तर तो निरागसपणा टिकतो, परंतु आईला ती माझी व्याकरणाची चूक वाटेल.

उपशीर्षक दोन ओळींत बसले पाहिजे, त्यामुळे स्पष्टीकरणाला जागा नाही. ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे किंवा मुलांसाठी भाषांतर केले आहे, त्यांनी कृपया आपली सूचना नेमक्या शब्दांत लिहावी. नातवंडे येत्या शनिवारी येणार आहेत.