शब्दचर्चा : निष्पापाचे ‘भोग’ म्हणावे का?

प्रश्न

शुभ शुक्रवारच्या कार्यक्रमासाठी निवेदन लिहिते आहे. त्यात ‘येशूने भोगलेले भोग’ असे लिहिले होते. मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी ‘भोग’ खोडून ‘दुःखसहन’ केले. कोशात भोगणे म्हणजे सोसणे, अनुभवणे असेच दिले आहे, मग बिघडले कुठे? आणि निष्पाप, निर्दोष, निरपराध यांतला कोणता शब्द कुठे वापरायचा, तेही सांगा.

प्रतिसाद १

काकांनी योग्य तेच केले, ताई. कोशातला अर्थ बरोबर असला तरी बोलण्यात ‘भोग’ कसा येतो ते पाहा. ‘काय भोग आहेत बाईचे’, ‘केले तसे भोगले’, ‘एकदाचे भोग सरले’. प्रत्येक वेळी मागे एक हिशेब उभा आहे : या जन्मी किंवा मागच्या जन्मी काही केले असणार, त्याची ही वसुली. सहानुभूतीने म्हटले तरी हिशेब सुटत नाही.

शुभ शुक्रवारच्या उपासनेत बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा त्रेपन्नावा अध्याय वाचतात. त्यात देवाच्या एका सेवकाच्या दुःखाचे वर्णन आहे, आणि तो नेमका या हिशेबावर बोट ठेवतो. चौथे वचन हळू वाचा. त्याने आमची दुखणी उचलली, आमच्या वेदना वाहिल्या, आणि आम्हाला मात्र वाटले की देवानेच याला मारले आहे. बोलणारे ‘आम्ही’ म्हणजे बघे. रस्त्यात विद्रूप झालेला माणूस दिसला, त्यांनी तोंड फिरवले आणि मनाशी म्हटले, याचे भोग. आपली ही समजूत खोटी होती हे आता तेच कबूल करत आहेत. म्हणजे ‘येशूचे भोग’ असे लिहिले की निवेदकाच्या तोंडी नकळत त्या बघ्यांचे पहिले, चुकलेले मत येते.

जुन्या करारातल्या ईयोबावर, एका नीतिमान माणसावर, संकटे कोसळतात. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, अध्यायामागून अध्याय हेच सांगत बसतात : तू काहीतरी केले असशील. शेवटी ४२:७ मध्ये देव अलीफजाला सुनावतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, कोणाचेच नाही. ही प्रश्नोत्तरे कोणत्याही मराठी घरात ओळखीची वाटतील.

प्रतिसाद २

‘भोग’ नको हे पटले. पण ‘सहन’ हा शब्दही मला अपुरा वाटतो. सहन करणारा नुसता बसून राहिला तरी चालते. इथे तो काही करतो आहे ना?

प्रतिसाद १

फार मोलाचा मुद्दा काढलात. मूळ हिब्रूत चौथ्या वचनात दोन क्रियापदे आहेत. ‘नासा’ म्हणजे उचलणे आणि ‘साबल’ म्हणजे जड ओझे वाहणे. इस्राएलचा राजा शलमोन याने यरुशलेमचे मंदिर बांधताना सत्तर हजार भारवाहक कामाला लावले, तिथे याच ‘साबल’ धातूचा शब्द आहे. साधा हमालीचा शब्द. आणखी एक जागा मला फार आवडते. यशयाच्याच ४६व्या अध्यायात बेल आणि नबो या बाबेलच्या दैवतांच्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर लादल्या आहेत, जनावरे दमली आहेत, आणि देव इस्राएलला म्हणतो, तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला वाहीन. क्रियापद तेच. सात अध्याय पुढे ते सेवकाच्या वाट्याला येते.

आता मराठी ‘वाहणे’ बघा. ओझे वाहतात, चिंता वाहतात. देवाला फूल वाहतात. आणि एखादा माणूस कामाला स्वतःला वाहून घेतो. उचलणे, अर्पण करणे आणि स्वतःला देऊन टाकणे, तिन्ही एकाच क्रियापदात आहेत. १ पेत्र २:२४ मध्ये ‘अनाफेरो’ हे ग्रीक क्रियापद आहे. तेही वर वाहून नेणे आणि वेदीवर अर्पण करणे या दोन्ही अर्थांनी चालते. यशया ५३:१० मध्ये सेवकाच्या जिवासाठी ‘आशाम’ हा शब्द येतो. लेवीयच्या पुस्तकातल्या या अर्पणाला मराठी बायबल ‘दोषार्पण’ म्हणते. ओझे आणि अर्पण त्या अध्यायात शेजारीशेजारी आहेत, आणि ‘वाहणे’ दोन्हीकडे पुरते. म्हणून मी ‘वाहिले’ सुचवेन.

प्रतिसाद ३

निवेदनात ‘यशयाने मसीहाविषयी केलेले भाकीत’ असे सर्रास लिहितात. त्या अध्यायात ‘मसीहा’ आहे का?

प्रतिसाद १

नाही. तिथे शब्द आहे ‘एबेद’, सेवक. ‘माशियाख’ म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. राजे आणि याजक यांच्या डोक्यावर तेल ओतत, त्यावरून तो आला. ‘ख्रिस्त’ हे त्याचेच ग्रीक रूप. यशयाच्या सबंध पुस्तकात हा शब्द एकदाच येतो, ४५:१ मध्ये, आणि तोही पारसाचा राजा कोरेश याच्यासाठी! आपल्याला अभिषेक म्हटले की पिंडीवरची धार किंवा १६७४चा राज्याभिषेक आठवतो. मसीहा समजायला दुसरे चित्र जवळचे.

मसीहा म्हणजे विजयी राजा आणि सेवक म्हणजे चिरडला गेलेला, ही दोन चित्रे नव्या कराराने एका माणसात आणली. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात यरुशलेमहून गाझाकडे जाणारा इथिओपियाचा अधिकारी रथात हाच अध्याय वाचत असतो. तो फिलिप्प या येशूच्या अनुयायाला विचारतो, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? यशया ४१, ४४ आणि ४९ मध्ये इस्राएललाच सेवक म्हटले आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्त होता. अकराव्या शतकातल्या राशीसारख्या यहुदी भाष्यकाराने इथला सेवक म्हणजे इस्राएल असाच अर्थ लावला. मी ख्रिस्ती आहे, मला या अध्यायात येशू दिसतो, आणि तरीही तो अर्थ आदराने ऐकावा असे मला मनापासून वाटते. त्या लोकांनीही निष्पापपणे फार सोसले आहे.

‘भाकीत’ म्हटले की पाऊस नाहीतर निवडणूक आठवते. या अध्यायातली बहुतेक क्रियापदे तर भूतकाळी आहेत : वाहिले, घायाळ झाला, तोंड उघडले नाही. ‘संदेश’ किंवा ‘संदेष्ट्याचे वचन’ म्हणावे. मराठी बायबलातला ‘संदेष्टा’ हा नेमका शब्द आहे, पुढचे सांगणे हा त्याच्या कामाचा एक भागच.

ताईंचा दुसरा प्रश्न राहिला. येशूचा न्याय करणारा रोमी सुभेदार पिलात याला येशूत अपराध सापडला नाही, लूकच्या तेविसाव्या अध्यायात तो हे तीनदा सांगतो, तिथे निरपराध. वल्हांडण या यहुदी सणात अर्पण करायचे कोकरू व्यंग नसलेले लागे, तिथे निर्दोष. पाप ज्याला ठाऊकच नव्हते (२ करिंथ ५:२१), तिथे निष्पाप. यशया ५३:११ मध्ये मात्र सेवकाला ‘सद्दीक’ म्हटले आहे, म्हणजे नीतिमान. वधस्तंभाखालचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा रोमी नायक, लूक २३:४७ मध्ये ग्रीकमध्ये तेच म्हणतो. ‘निष्पाप’ जपून वापरा. ‘निष्पाप चेहरा’, ‘निष्पाप बळी’ अशा वापरामुळे तो शब्द भाबड्या, असहाय माणसाकडे झुकला आहे, आणि सेवक भाबडा नाही, तो जाणून गप्प राहतो.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. वाक्य असे बदलते : ‘पिलाताने तीनदा निरपराध म्हटले, तरी त्याला वधस्तंभावर दिले, आणि ज्या वेदना आमच्या होत्या त्या त्याने वाहिल्या.’ काकांना उद्या दाखवते.